फाळ बदलायचाय, पण बोल्ट हलत नाही

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालेल्या वावरात हरभऱ्यासाठी शेवटचा फिरलेला कल्टिव्हेटर मारेगाव तालुक्यात बहुतेक ठिकाणी अंगावरच्या मातीसकट उभा राहतो. कुणाचा गोठ्यामागे, कुणाचा धुऱ्यावरच्या बाभळीखाली. मधे कापूस वेचणी, पऱ्हाटी उपटणी, लग्नसराई. वैशाखात मशागतीची घाई सुरू झाली की मग त्याच्याकडे लक्ष जातं. फाळ झिजून बोथट झालेले असतात, ते उलटून लावायचे किंवा नवे बसवायचे. नवे फाळ वणीहून आणलेले असतात, ट्रॅक्टर मोकळा असतो, आणि पहिल्याच बोल्टला पाना लावल्यावर कळतं की हा काही आज हलत नाही.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. कुणीतरी पाइप आणतो, पान्याच्या दांड्यात घालतो, दोघं त्याला लोंबकळतात. मग नटाचे कोपरे गोल होतात, नाहीतर बोल्टची मान तुटते, आणि तासाभराचं काम वेल्डिंगवाल्याच्या दारात दोन दिवस पडून राहतं. जाम बोल्ट जोरापेक्षा वेळेनं सुटतो. त्याला तेल मुरायला रात्र द्यायची तयारी असेल तर दहातले बहुतेक बोल्ट साध्या पान्यानं निघतात. म्हणून हे काम मृगाच्या तोंडावर काढू नका. पेरणी दोन आठवड्यांवर असताना माणूस बोल्टशी धीरानं वागत नाही.

आपल्याकडे हे दुखणं जास्त का, याचं कारण जमिनीत आहे. काळी माती ओल धरून ठेवते. नटाभोवती ठासून बसलेला तिचा गोळा वरून वाळलेला दिसला तरी आत कितीतरी दिवस दमट राहतो. त्यात खताचा अंश आला की गंज आणखी वेगानं चढतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि लोखंडाला ते मिठाइतकंच वाईट. खत-पेरणी यंत्राचे बोल्ट कल्टिव्हेटरच्याही आधी का धरतात, ते यावरून कळेल. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीहून जास्त वाढतं. आट्यांमधली जागा मुळात केसाएवढी. तिथं हा फुगलेला गंज पाचरीसारखा बसतो. म्हणजे बोल्ट नुसता चिकटलेला नसतो, आतून आवळला गेलेला असतो. वरून जोर लावून हे आवळणं कमी होत नाही, उलट कधी कधी वाढतं.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ओळखा: बोल्ट नेमका कुठं अडकलाय? नटाच्या आट्यांत, की भोकातल्या दांड्यावर? फाळाच्या बोल्टला बहुधा नट धरलेला असतो. स्प्रिंगवाल्या कल्टिव्हेटरचा दाता ज्या बोल्टवर झुलतो तिथं मात्र नट निमूट सुटतो आणि बोल्टचा दांडा बुशमध्ये घट्ट बसलेला निघतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. नटाचा उपाय दांड्यावर करत बसलेले लोक पाहिले की वाईट वाटतं. घामही जातो आणि बोल्टचं टोक ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरतं. मग तो भोकातून मागे जात नाही आणि पुढेही येत नाही.

काम सुरू करण्याआधी अवजार जमिनीवर टेकवा. ट्रॅक्टरच्या लिफ्टवर उचललेल्या कल्टिव्हेटरखाली बसून पाना मारू नका. तेलाचा दाब कधी उतरेल, कुणाचा हात चुकून लिव्हरला कधी लागेल, सांगता येत नाही. उंचीवर काम करायचंच असेल तर खाली जाड लाकडी ठोकळे द्या. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते न सांगता फुटतात. रोटाव्हेटर असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद आणि किल्ली तुमच्या खिशात. घरात लहान पोरं असतील तर ही किल्लीची गोष्ट दोनदा वाचा.

आता साफसफाई. तारेच्या ब्रशनं नटाबाहेर आलेले बोल्टचे आटे चकचकीत होईपर्यंत घासा. बरेच जण ही पायरी सोडतात. बाहेरच्या आट्यांवर माती-गंज तसाच ठेवला तर सुटायला लागलेला नट दोन फेऱ्यांनी त्याच गंजावर पुन्हा धरतो. जास्तीचा बोल्ट फार लांब बाहेर आला असेल तर नटाच्या जवळून कापून टाका, तेवढ्या फेऱ्या वाचतात.

मग तेल. गावात पहिलं नाव डिझेलचं येतं. ते वाईट नाही, पण लवकर ओघळून आणि उडून जातं. डब्ल्यूडी-४० चा डबा आता ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात सहज मिळतो. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये तो बनवला गेला तो धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. त्यामुळे हलक्या गंजाला तो चालतो, वर्षानुवर्षं बसलेल्या गंजाला गंज सोडवण्यासाठीच बनवलेलं तेल जास्त उपयोगी. काही मिस्त्री पॉवर स्टीअरिंगचं तेल आणि अ‍ॅसिटोन सारख्या प्रमाणात मिसळून वापरतात. मिश्रण चांगलं मुरतं, पण अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतो आणि रंग उतरवतो. ते वापरलं असेल त्या दिवशी तिथं वेल्डिंग, बिडी काही नको.

तेल कोणतं यापेक्षा ते किती वेळा घातलं हे महत्त्वाचं. संध्याकाळी घाला, नटावर हातोडीचे चार हलके ठोके द्या, झोपायला जाताना पुन्हा घाला, सकाळी पुन्हा. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला आत जायला वाट मिळते. मे महिन्यातलं आपलं ऊन इथं कामाला येतं. दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही, रात्री ते निवतं. तापण्या-निवण्यात तेल हळूहळू आत ओढलं जातं. म्हणून तेल लावलेलं अवजार सावलीत न ठेवता दोन दिवस उन्हात राहू द्या. शक्य असेल तर बोल्ट उभा येईल आणि नटाच्या वरच्या बाजूला तेल साचेल असं अवजार कलतं करा.

पाना कोणता लावता यावर निम्मं काम अवलंबून आहे. १२ मिलीमीटरच्या बोल्टचं डोकं १८ चं असतं किंवा १९ चं, बोल्ट कोणत्या मापपद्धतीनं बनला त्यावर ते ठरतं. १० च्या बोल्टला १६ किंवा १७, १४ च्याला २१ किंवा २२. एका मिलीमीटरचा हा फरक हाताला जाणवत नाही, पण जाम नटावर १८ च्या जागी १९ चा पाना लावला की दुसऱ्या झटक्यात कोपरे गेलेच. जुन्या अवजारांवर इंचाच्या मापाचे बोल्टही सापडतात. आधी हातानं पाना घालून तो किती डुलतो ते पाहा. फिक्स पाना दोनच बाजूंना धरतो, त्यामुळे जाम नटाला तो लावूच नका. रिंग पाना बरा, आणि सहा कोनांची गोटी सर्वांत बरी. बाजारात जास्त विकली जाते ती बारा कोनांची गोटी कोपऱ्यांच्या अगदी टोकांवर जोर टाकते. गोटी घेताना तिच्या आत डोकावून कोन मोजा. स्लाइड पान्याबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तो प्रत्येक घरी असतो. निदान या कामापुरता खिळ्याला टांगून ठेवा.

नट सोडवताना पहिला झटका उलटा द्या, म्हणजे किंचित आवळायच्या बाजूला. मग सोडायच्या बाजूला, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. थोडं पुढे-मागे झालं तरी प्रत्येक फेरीत गंज कुटला जातो आणि तेल सरकतं. यात कानाचं आणि हाताचं काम आहे. चांगला नट सुटताना एक कोरडा ‘कट्’ आवाज येतो, पाना टचकन सरकतो आणि आट्यांतून लाल भुकटी पडते. तो आवाज न येता पाना रबर ओढल्यासारखा मऊ मऊ फिरायला लागला, तर लगेच थांबा. नट फिरत नाहीये, बोल्ट पिळला जातोय. आणखी पाव फेरी दिलीत तर बोल्ट तुटून हातात येईल.

पाइपचं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. १२ चा ८.८ दर्जाचा बोल्ट नीट आवळायला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. साठ किलोचा माणूस एक मीटर लांब पाइपच्या टोकाला लोंबकळला तर सुमारे ५९० न्यूटन-मीटर पीळ पडतो, म्हणजे सात पटींहून जास्त. बोल्टनं तुटू नये तर काय करावं! पाइप वापरायचाच तर हातभर लांबीचा घ्या, आणि अंगाचं वजन न टाकता मनगटानं झटके द्या. एका सलग दाबापेक्षा झटका गंज लवकर फोडतो. आजकाल काही वर्कशॉपमध्ये असलेली इम्पॅक्ट गन हेच करते, सलग पीळ न देता एकामागून एक झटके. ती सुरू करताना मात्र डोळ्यांवर चष्मा हवाच.

तेलानं आणि झटक्यानं काम झालं नाही तर दोन हातोड्यांची जुनी युक्ती आहे. नटाच्या एका बाजूला जड हातोडी किंवा घण टेकवून धरा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोडीनं ठोका. मग एक कोपरा सोडून पुढच्या बाजूवर. सगळ्या सहा बाजू झाल्या की नट केसभर सैल होतो, कारण ठोक्यानं तो किंचित पसरतो. लोहार हे वर्षानुवर्षं करत आलेत. यात आगही नाही आणि खर्चही नाही, म्हणून तापवण्याआधी हे करून पाहावं.

तापवणं. लोखंड दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ हजारांश मिलीमीटर वाढतं. १२ मिलीमीटरचं नटाचं भोक ३०० अंशांनी तापवलं तर ते साधारण चार शतांश मिलीमीटरनं मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड सोडवायला पुरतं. अट एकच, ज्योत नटावर हवी, बोल्टवर नको. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही सारखे वाढतील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून भरभर आणि फक्त नट तापवा. लाल होऊ लागला की ज्योत बाजूला घ्या, लाली जाऊ द्या आणि आट्यांना मेणबत्ती टेकवा. मेण वितळून स्वतःहून आत ओढलं जातं. मग पाना लावा. कितीतरी हट्टी नट या मेणानं लोण्यासारखे आले आहेत.

पण कुठं तापवू नये हेही तितकंच महत्त्वाचं. बेअरिंग, ऑइल सील आणि हायड्रॉलिकच्या नळीजवळ ज्योत नको. कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगला ज्योत लागली की तिचा ताव जातो आणि ती पुन्हा पूर्वीसारखी काम करत नाही. रोटाव्हेटरचं पातं ताव दिलेलं असतं, ते पुन्हा वापरायचं असेल तर त्यालाही आच नको. पांढरट चमक असलेले, जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट तापवताना निघणारा धूर नाकात गेला तर संध्याकाळी ताप-थंडी भरते. दोन्ही बाजूंनी बंद असलेला पोकळ पाइप कधीच तापवू नका, आतली हवा किंवा ओल फुगून तो फुटू शकतो. आणि आपल्या गोठ्यापाशी काय असतं? पऱ्हाटीचा ढीग, तुराटी, कुटार. मे महिन्यातल्या वाऱ्यात एक ठिणगी बस्स झाली. अवजार मोकळ्या जागेवर ओढा, खालची जमीन ओली करा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबा.

फाळाच्या बोल्टची स्वतःची एक खोड आहे. त्याचं डोकं फाळात बुडालेलं असतं आणि डोक्याखालची चौकोनी मान भोकात अडकून त्याला फिरू देत नाही. मातीनं डोकं आणि भोकाच्या कडा झिजल्या की मान सैल होते आणि नट फिरवला की बोल्टही सोबत गरागरा फिरतो. इथं तेलाचा उपयोग नाही, बोल्टला धरून ठेवणारं काहीतरी हवं. डोक्यावर ग्राइंडरनं एक खाच करा, तीत जाड स्क्रू ड्रायव्हर किंवा छिन्नी घालून धरा. डोकं फारच झिजलं असेल तर त्यावर लोखंडी पट्टी वेल्डिंगनं टाचा आणि ती पट्टी धरून ठेवा. फाळ टाकायचाच असेल तर इतकं करण्यातही अर्थ नाही. नटावर छिन्नी लावून तो उभा फोडा, नाहीतर कटरनं नट कापून टाका. बोल्ट स्वस्त आहे, तुमचा दिवस नाही. नऊ दात्यांच्या कल्टिव्हेटरला प्रत्येक फाळाचे दोन धरले तर अठरा बोल्ट होतात. त्यातले चार कापावे लागले तरी काही बिघडत नाही.

वेल्डिंग करताना अर्थचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. तो लांब लावला आणि करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात आणि ते बेअरिंग त्याच हंगामात आवाज करायला लागतं. अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर ते आधी सोडवा. नव्या ट्रॅक्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग वाढले आहेत, निदान बॅटरीची तार तरी काढा.

आता बुशमध्ये बसलेला दांडा. खरी डोकेदुखी हीच. बर्फाच्या देशांत स्नोमोबाइल नावाचं वाहन चालतं, त्याला पुढे चाकांऐवजी दोन स्की असतात. त्या बदलताना तिथले लोक अगदी याच अडचणीत सापडतात: नट निघतो, बोल्ट बुशमधून येत नाही. स्की बहुधा प्लास्टिकची आणि आत रबराचं पॅड, त्यामुळे त्यांना ज्योत लावता येत नाही. आपल्याकडे दात्याच्या बोल्टला रबर नसतं, पण शेजारी स्प्रिंग असते, म्हणजे आपलीही अडचण तीच. सगळ्यांत आधी स्प्रिंगचा ताण पूर्ण सोडा. ताणात असलेला दाता बोल्ट निघताच झटक्यानं उसळतो, आणि तो हाडावर बसला तर प्लास्टर ठरलेलं.

त्यानंतर दांड्याला बाहेर ढकलायच्या आधी फिरवा. डोक्याला गोटी लावून डावीकडे-उजवीकडे. फिरवल्यानं गंजाची सगळी कडा एकदम सुटते, ढकलल्यानं ती टोकाकडे गोळा होत जाते. बोल्ट किंचित जरी फिरला तरी जिंकलात. तेल दोन्ही बाजूंनी घाला, फिरवत राहा, मग ठोका. ठोकताना नट पूर्ण काढू नका. तो बोल्टच्या टोकाशी समपातळीत ठेवा, म्हणजे आटे वाचतात. हातोडी थेट मारण्याऐवजी मधे पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा तुकडा धरा. नट बुशपर्यंत आला की तो काढून बोल्टपेक्षा जरा बारीक गजानं पुढे ढकला.

ठोकून भागत नसेल तर दाब वापरा. बोल्टच्या आट्यांच्या टोकाला बेअरिंग पुलरचा किंवा जाड जी-क्लॅम्पचा स्क्रू टेकवा आणि डोक्याच्या बाजूला ते आत मावेल एवढी मोठी गोटी धरा. स्क्रू कसा, आणि कसलेला असतानाच बाजूनं दाता ठोका. दाब आणि ठोका एकत्र मिळाले की दांडा मिलीमीटर-मिलीमीटरनं सरकतो. तरीही नाही म्हणाला, तर दाता आणि पट्टी यांच्या फटीतून पातळ चकतीनं बोल्ट दोन्हीकडे कापा आणि दाता घेऊन लेथवर जा. कोळसा खाणींमुळे वणीच्या बाजूला जड यंत्रांवर हात बसलेले मिस्त्री सापडतात. त्यांच्याकडे प्रेस असेल तर आतला तुकडा दाबून काढायला फारसा वेळ लागत नाही.

रोटाव्हेटरच्या पात्यांबद्दल थोडंच सांगतो. ४२ पात्यांच्या यंत्राला ८४ बोल्ट असतात, म्हणून एका बैठकीत उरकायचा हट्ट नको. सगळी पाती एकदम काढू नका. डावी-उजवी पाती एका ठरावीक वळणानं लावलेली असतात. ते वळण चुकलं तर यंत्र हादरतं आणि जमीन ओबडधोबड सुटते. एक काढा, त्याच जागी तशाच तोंडाचं नवं बसवा, मग पुढचं. हातमोजे घाला. झिजलेल्या पात्याची कडा वस्तऱ्यासारखी होते. कापलंच तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा, आणि नसेल आठवत तर मारेगावच्या सरकारी दवाखान्यात जाऊन या.

नवे बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का ते पाहा, पात्यासाठी कंपनीनं १०.९ सांगितले असतील तर तेच घ्या. काहीच आकडा नसलेला बोल्ट मऊ निघतो, मातीच्या झटक्यानं ताणला जातो आणि पुढच्या वर्षी सुटताना पिळतो. तापवलेला जुना बोल्ट पुन्हा लावू नका, आचेनं त्याची ताकद गेलेली असते. भोकातला गंज गोल कानशीनं काढा, आट्यांना ग्रीस किंवा कॉपर ग्रीस लावा. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात तेवढाच कसला जातो, त्यामुळे नेहमीइतकी ताकद लावू नका. स्प्रिंग वायसर नवे घाला, चपटे झालेले जुने नुसती जागा भरतात.

नवे फाळ लावून वावरात उतरलात की पहिला एकर झाल्यावर ट्रॅक्टर बंद करा, अवजार टेकवा आणि सगळे नट पान्यानं एकदा तपासा. रंग आणि गंजाचे थर दबले की नवा बोल्ट पहिल्या तासातच थोडा सैल होतो. फाळ वावरात पडला तर नांगरटीच्या ढेकळांत तो शोधायला दुपार जाते. टूलबॉक्समध्ये त्याच मापाचे चार बोल्ट नटांसह ठेवा, आणि हंगाम संपल्यावर अवजार उभं करण्याआधी पाण्याच्या धारेनं नटाभोवतीची माती उडवून, वाळवून, ग्रीसचं बोट फिरवा.